तिसरं पान

"ताई, चौकट नेली तर आतलं चित्र मागंच राहतं ना?" अन्नपूर्णानं विचारलं.

"हो. फक्त चौकट जाते."

"म्हणजे ताट न्यायचं, जेवण तिथंच ठेवायचं."

मागच्या टेबलाशी बसलेले हविनाळे सर मोठ्यानं हसले. "ऐकलंत का, हेमलता? चार वर्षं तुम्ही हे शिकवताय, पण इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. अगं, तू इथं कुठं आलीस, मास्तरीण व्हायचीस!"

'ऐकलंत' मला होतं. 'अगं' तिला.

ही गोष्ट २००८ सालची. सोलापूरहून मंगळवेढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका ट्रस्टची छोटी प्रयोगशाळा होती. चार खोल्या, एक शेडनेट आणि मागे डाळिंबाची दीडशे झाडं. डाळिंबावर तेल्या पडतो. पानावर आधी तेलाचा थेंब सांडल्यासारखा ठिपका उमटतो, मग तो काळा पडतो आणि बाग जाते. सर तेल्याला दाद न देणारा वाण शोधत होते आणि मी त्यांची पहिली सहायक होते. वनस्पतिशास्त्रात एमेस्सी, वय एकतीस, बोलणं कमी. लोक म्हणायचे, हेमलता शेटेंच्या वहीत खाडाखोड सापडत नाही. सापडत नसेच.

पानांचे फोटो मोजायची पद्धत मी बसवली होती. प्रत्येक पानाचा फोटो एकाच उंचीवरून काढायचा. मग संगणकावर त्यातला ठरावीक मापाचा चौकोन घ्यायचा, मधल्या शिरेच्या डावीकडे, देठापासून ठरलेल्या अंतरावर. पहिल्या फोटोवर आखलेली तीच चौकट दुसऱ्या फोटोवर ओढून न्यायची, तिथून तिसऱ्यावर. माप तेच, जागाही तीच. म्हणजे स्वच्छ पान दाखवायचंय म्हणून कुणाला चांगला कोपरा निवडता येत नाही. मग हे चौकोन ओळीनं मांडले की कुठल्या वाणावर किती ठिपके आहेत ते डोळ्यांना आपोआप कळतं. शिफ्ट दाबून धरलं की चौकट बरोबर त्याच जागी जाऊन बसते. हे सगळं मी एका कागदावर आठ पायऱ्यांत लिहून ठेवलं होतं.

अन्नपूर्णा बोल्ली जूनमध्ये आली. चोवीस वर्षांची, सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकराच्या घरची. घरी तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. वडिलांना ती नान्ना म्हणायची. त्यांच्या शेडमध्ये चादरीचे सहा लूम, म्हणजे यंत्रमाग होते आणि ही शिकली याचं त्यांना कौतुकही होतं आणि वैतागही. तिची शिष्यवृत्ती एका वर्षाची होती. पुढची दोन वर्षं मिळणार की नाही, ते ट्रस्टची समिती तिचं काम बघून ठरवणार होती.

"नाही मिळाली तर?" मी एकदा विचारलं होतं.

"तर काय ओ ताई, नान्ना लूमवर बसवणार. त्यांनी स्टूलसुद्धा बघून ठेवलंय. म्हणतात, तुझी उंची त्याला बरोबर आहे."

ती हे हसत सांगायची. पण समितीची तारीख तिनं टेबलाच्या काचेखाली लाल शाईनं लिहून ठेवली होती.

दोन महिन्यांत सर तिला 'तू' म्हणायला लागले. चार महिन्यांत कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा त्यांचा डबा दोघांत उघडायला लागला. मला कुणी बोलावलं नाही असं नव्हतं. "हेमलता, या की तुम्हीही," असं सर म्हणायचे. त्या 'या'मध्ये खुर्ची होती, पाणी होतं, मान होता. 'ये' नव्हतं.

तिला डोळा होता, हे मला मान्य करावं लागेल. शेडनेटमध्ये शिरली की ती भिंगाशिवाय सांगायची, "हे पान परवापर्यंत जातंय." परवा ते पान जायचं. चौदा नंबरच्या झाडांकडे आधी तिचंच लक्ष गेलं. दोन्हीकडे रोगाचं पाणी सारखंच फवारलं होतं, पण शेजारची झाडं काळी पडली आणि चौदा नंबर जवळजवळ हिरवा राहिला. ती ओळ मीच लावली होती. चार वर्षं मी तिच्यावरून रोज चालत होते.

"हेमलता, तुमच्या नजरेतून हे सुटलं कसं?" सरांनी सहज विचारलं. मनात काही न ठेवता. म्हणूनच ते जास्त लागलं.

समिती सोमवारी बसणार होती. त्याआधीच्या शनिवारी आमची नेहमीची बैठक. तिथला रिवाज असा, की एकेकाचं काम भिंतीवर दाखवायचं आणि बाकीच्यांनी चुका काढायच्या. ज्याची चूक निघेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. सरांनीसुद्धा दोनदा पाजला होता. माझ्याकडून कधी कुणी चहा प्यायलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी अन्नपूर्णा सरांबरोबर शेडनेटमध्ये गेली होती. तिचा तक्ता छापून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. वरच्या ओळीत नेहमीच्या वाणाची सहा पानं, खालच्या ओळीत चौदा नंबरची सहा. मी छापायच्या आधी नजर टाकली, आणि खालच्या ओळीत थांबले.

दुसरं पान आणि तिसरं पान. दोन्हींत एक शीर वर जाऊन फुटली होती. फुटली तिथं टाचणीच्या टोकाएवढं भोक. भोकाच्या खाली तीन ठिपके, त्यातला मधला जरा लांबट. दोन पानांवर ठिपके सारखे येऊ शकतात. सारखं भोक सारख्या शिरेपासून सारख्या अंतरावर येऊ शकत नाही. मी पट्टी काढली, पडद्यावर धरली आणि मोजलं. दोन्हीकडे अकरा मिलिमीटर.

मला बरं वाटलं. याहून अचूक शब्द मला अजून सापडलेला नाही.

मग मी तिच्या तिसऱ्या पानाची मूळ फाइल उघडली. दोनेक मिनिटं पाहिली. बंद केली. तक्ता तसाच छापला, हात धुतले आणि डबा उघडून बसले.

तेवढ्यात ती आली, ओढणीला पानांचा कचरा चिकटलेला. "ताई, थांबा, भाजी घ्या. अम्मानं अंबाडी दिलीय, लसूण घालून. छापला का तक्ता?"

"छापला."

"कसा दिसतोय?"

"स्वच्छ आलाय."

"चुकलं नाही ना ओ कुठं? तुमची नजर पडली असंल तर मला धास्ती नाही."

तिनं माझ्या डब्याच्या झाकणात अंबाडी वाढली. मी म्हणाले, "उद्या बैठकीत बघूच की."

"बघा की! पण चहा लागू देऊ नका, आधीच सांगते. सोमवारी देवीला ओटी भरायचीय, तिथं नारळ लागतोय."

भाजी चांगली झाली होती. मी सगळी खाल्ली.

शनिवारी अकराला खिडक्यांना काळं कापड लावलं आणि तिचा तक्ता भिंतीवर पडला. चार हात रुंद. सर उभे राहून बोलले. असा स्वच्छ पुरावा त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता, समितीला प्रश्न विचारायला जागाच राहणार नाही, असं म्हणाले. मग नेहमीसारखं, "कुणाला काही?"

मी हात वर केला. "खालची ओळ. दुसरं आणि तिसरं पान."

मी भिंतीपाशी गेले. माझी सावली तक्त्यावर पडू नये म्हणून बाजूला उभी राहिले आणि बोटानं दाखवलं. शीर. भोक. तीन ठिपके. पुन्हा शीर, भोक, तीन ठिपके.

"आली की चूक!" मागून आमचा गुरुसिद्ध ओरडला. तो रोपांचं बघायचा. "अन्नपूर्णाबाई, चहा लागला! आलं घालून सांगा!"

दोघंतिघं हसले. सर हसले नाहीत, म्हणून तेही थांबले.

"एकच पान दोनदा?" सर म्हणाले.

अन्नपूर्णा उठून भिंतीजवळ आली. इतकी जवळ, की पानाचा हिरवा उजेड तिच्या गालावर पडला. "नाही सर. मी सहा पानं घेतली होती. तिसरं वेगळं होतं. वेगळंच होतं."

"मग कुठंय ते?"

"पान तर जंतू मोजायला खलात वाटलं. त्याच दिवशी."

"फोटो?"

"कॅमेऱ्याचं कार्ड सोमवारी पुसलं, सर. दर सोमवारी पुसतोय की आपण. पण फाइल आहे. फाइलमध्ये असणार." ती माझ्याकडे वळली. "ताई, तुम्ही बघा की. मला फक्त तुमच्या कागदावरचं येतंय. तुम्हाला आतलं कळतंय. तुम्ही सांगा सरांना."

सरांना संगणकातलं काही कळत नसे आणि ते तसं सांगतही. त्यांनी विचारलं, "हेमलता, तुम्ही फाइल पाहिलीत?"

"पाहिली, सर."

"काय आहे तिच्यात?"

मी उत्तर देण्याआधी वाक्य मनात एकदा तपासलं. "फाइल उघडली की हेच दिसतं."



"आकडे जुळतायत, सर," अन्नपूर्णा म्हणाली. "जंतूंचे आकडे बघा. चौदा नंबर खरंच..."

"चित्र खोटं ठेवल्यावर आकडे कोण बघेल?" सर खाली बसले. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही बसा. तुमचं काम सोमवारी समितीपुढं जाणार नाही."

'तुम्ही' हा शब्द मी ऐकला. तिनंही ऐकला असणार, कारण ती लगेच बसली.

त्या दिवशी चहाचं नाव कुणी काढलं नाही.

ती बुधवारी शेवटची आली. एप्रन घडी घालून खुर्चीवर ठेवला, शेडनेटची किल्ली गुरुसिद्धच्या हातात दिली. मग माझ्या टेबलाशी येऊन प्लास्टिकच्या पिशवीतला कागद पुढं केला. आठ पायऱ्यांचा.

"तुमचा आहे, ताई. कुणाला तरी लागंल."

ती गेल्यावर मी तो पालथा करून पाहिला. मागं पेन्सिलनं लिहिलं होतं : ताट न्यायचं, जेवण तिथंच.

पुढच्या हंगामात चौदा नंबरचा प्रयोग मी पहिल्यापासून केला. निकाल तिचाच आला. शोधनिबंध छापला गेला, त्यावर पहिलं नाव माझं. सर निवृत्त झाले त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, "हेमलता, तुम्ही होतात म्हणून ही प्रयोगशाळा उभी राहिली." तुम्ही.

सोळा वर्षं गेली. मागच्या वर्षी माझ्या भाचीच्या लग्नात आहेरासाठी चादरी हव्या होत्या. कुणीतरी अक्कलकोट रस्त्याकडच्या एका शेडचा पत्ता दिला. म्हणाले, तिथं डिझाईन स्वतः करतात, इतर कुठं मिळायचं नाही. नाव विचारायचं मला सुचलं नाही.

शेडमध्ये लूम खडखडत होते. पुढं काचेची एक खोली होती, तिचं दार ओढलं की आवाज निम्मा व्हायचा. आत दोन मुली संगणकापुढं बसल्या होत्या आणि पाठमोरी एक बाई त्यांना सांगत होती, "कोयरीची चौकट घ्यायची, आणि पुढच्या चित्रावर तेवढ्याच मापाची न्यायची. शिफ्टवर बोट. आणि त्याच्या खालच्या बटणाकडे बोट जाऊ द्यायचं नाही, मेलं तरी नाही. घसरलं, की चौकटीबरोबर आतलं चित्रही उठून येतंय आणि पुढच्यावर ठिगळासारखं बसतंय. आवाज नाही, काही नाही. तुम्हाला वाटतंय नवीन घेतलं, आणि घेता तेच जुनं."

मी दारातच उभी होते. ती वळली.

"ताई!"

केस कानांजवळ पांढरे झाले होते. बाकी तीच. तिनं मुलींना बाहेर पाठवलं, खुर्ची पुसली, दारातून ओरडून दोन चहा सांगितले. "नाही म्हणायचं नाही. माझाच राहिलाय की. त्या शनिवारचा."

मी बसले. ती भराभर बोलत होती. नान्ना गेले, सहाचे अकरा लूम झाले, नवरा बाजार बघतो, डिझाईन सगळं हिचं.

"आणि तुम्हाला एक सांगायचंच होतं, ताई. इथं येऊन चौथा महिना असंल. मोराचं डिझाईन करालते. मोरावर मोर बसला. वरचा बाजूला ओढला, तर खाली दुसराच मोर. तेव्हा माझ्या डोक्यात पडला उजेड. म्हटलं, माझं तिसरं पान गेलं नव्हतंच. तिथंच होतं, खाली."

"मग आली का नाहीस?"

"आले असते. निघाले होते. मग मनात आलं, ताईंनी तर फाइल बघितली होती. त्यांना दिसलं नाही म्हणजे त्यांना हे बटणाचं ठाऊकच नसणार. ठाऊक असतं तर कागदावर लिहिलंच असतं की तुम्ही! तुमचं काय सुटतंय कधी? आता मी जाऊन सरांपुढं दाखवलं असतं तर तुमची चूक निघाली असती. एवढ्या वर्षांत पहिली. तुम्हाला चहा लागला असता." ती हसली. "म्हटलं, जाऊ दे. नान्नांनी स्टूल तर आणलंच होतं."

चहा आला. काचेचे दोन पेले, आलं घातलेला. ती माझा पेला पुढं सरकवत होती.

"हा तुझा नव्हता, अन्नपूर्णा," मी म्हणाले. "माझाच होता."

"असू द्या ओ ताई. एका बटणाचं ते काय..."

"मला बटण ठाऊक होतं."

तिचा हात पेल्यावर राहिला.

"पहिल्याच आठवड्यात माझं बोट दोनदा घसरलं होतं. ते मी कागदावर लिहिलं नाही. माझी चूक लिहून ठेवावी असं वाटलं नाही. पण बाकी तिघांना शेजारी बसवून सांगितलं होतं. तुला नुसता कागद दिला."

बाहेर एक लूम बंद पडला. कुणीतरी तुटलेल्या धाग्याबद्दल ओरडलं.

"आणि फाइल?" तिनं विचारलं.

"शुक्रवारी दुपारी उघडली. वरचा तुकडा बाजूला ओढला. खाली पान होतं. तुकडा परत जागेवर ठेवला आणि काही न बदलता फाइल बंद केली. मग तू आलीस, अंबाडी घेऊन."

ती पडद्याकडे वळली. तिथं कोयरीभोवतीची तुटक रेघांची चौकट लुकलुकत होती.

"कसं होतं?"

"काय?"

"पान. तिसरं."

"दुसऱ्यापेक्षा स्वच्छ. एकच ठिपका. डाव्या कडेला, बारीक."

"स्वच्छ होतं," ती म्हणाली. "म्हणजे मला ते लपवायचं कारणच नव्हतं."

"हो. ते सरांना एका मिनिटात कळलं असतं."

"मी म्हणाले होते. वेगळंच होतं म्हणून."

"म्हणाली होतीस."

चहावर साय धरली. तिनं आपला पेला उचलला नाही, माझाही मागं घेतला नाही. मग उठून दाराची कडी काढली, आणि शेडमधला सगळा आवाज एकदम आत आला.

"मॅडम, तुम्ही जरा बाहेर बसता का," ती म्हणाली. "चादरी मुलगी दाखवंल. मला तो मागचा लूम सुरू करायचाय."

मी पर्स घेतली. काहीतरी बोलण्यासाठी वळले तेव्हा ती वाकून तुटलेला धागा जोडत होती. गाठ मारून तिनं उरलेलं टोक दातानं तोडलं आणि हात लांब करून खटका दाबला.